संत नामदेव : पंढरपूर ते घुमान

प्रस्तावना

शिकण्याचे वय निघून गेले, आता नव्याने काय शिकणार, असे उद्गार आपण पुष्कळदा ऐकतो. कधी ते आपल्याच तोंडून निघतात. लोकांत मान मिळाल्यावर, घरसंसार सुरू झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन कोणासमोर बसायचे म्हणजे मनाला संकोच वाटतो. सुमारे सातशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका शिंप्यावर असाच प्रसंग आला होता. चारचौघांत त्याला कच्चा ठरवण्यात आले. त्या अपमानाने तो खचला असता, तर मराठी भाषेचा आणि भारतातील भक्तिपरंपरेचा इतिहास वेगळा झाला असता. त्याने आपला अभिमान बाजूला ठेवला आणि शिकणे पत्करले. तो शिंपी म्हणजे संत नामदेव. या पाठात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

नामदेवांचा काळ

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये झाला असे मानले जाते. तेराव्या शतकाचा हा शेवटचा भाग जगाच्या अनेक भागांत मोठ्या घडामोडींचा होता. युरोपातील व्हेनिस नगरीचा मार्को पोलो हा प्रवासी १२७१ मध्ये पूर्वेकडे निघाला आणि चोवीस वर्षांनी, १२९५ मध्ये घरी परतला. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या कोकणातील ठाण्याचाही उल्लेख आहे. इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात १२६५ मध्ये दान्ते या कवीचा जन्म झाला. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने आपले महाकाव्य लोकांच्या बोलीत रचले. दिल्लीत त्याच काळी हजरत निजामुद्दीन औलिया आणि कवी अमीर खुसरो यांचे वास्तव्य होते. खुसरोंनी फारसीबरोबरच दिल्लीच्या परिसरातील लोकभाषेतही रचना केल्या, असे मानले जाते.

महाराष्ट्रात तेव्हा देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. रामदेवराय यादव १२७१ मध्ये गादीवर आला. शास्त्रे आणि धर्मग्रंथ संस्कृतात होते. शेतकरी, कारागीर आणि स्त्रिया यांना ती भाषा परकी होती. अशा वेळी ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवासे येथे भगवद्गीतेवरील आपली मराठी टीका पूर्ण केली. दान्तेने इटलीत जे केले, त्याच्याशी साम्य असलेले कार्य त्याच सुमारास गोदावरी आणि भीमेच्या काठी चालू होते. ज्ञानेश्वरांनी गीतेचे ज्ञान मराठीत आणले. ते कीर्तनाच्या द्वारे गावोगावी पोहोचवण्याचे काम नामदेवांच्या वाट्याला आले.

बालपण आणि संसार

नामदेवांच्या वडिलांचे नाव दामाशेटी आणि आईचे नाव गोणाई. घराण्याचे आडनाव रेळेकर. कुळाचा व्यवसाय शिंपीकाम, म्हणजे कापड विकणे आणि कपडे शिवणे हा होता. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव त्यांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते; काही अभ्यासक त्यांचा जन्म पंढरपुरात झाला असे मानतात. त्यांचे बालपण मात्र पंढरपुरात, विठ्ठलाच्या मंदिराच्या सान्निध्यात गेले, याविषयी दुमत नाही.

दामाशेटींच्या घरी विठ्ठलाला रोज नैवेद्य दाखवण्याचा परिपाठ होता. एके दिवशी वडील गावाला गेले असता हे काम बालनामदेवांकडे आले. नैवेद्य दाखवायचा म्हणजे देवाने तो खरोखरच खायचा, अशी त्या मुलाची समजूत होती. देव जेवत नाही असे पाहून तो रडू लागला, हट्टाला पेटला. आणि शेवटी विठ्ठलाने तो नैवेद्य खाल्ला, अशी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. या कथेतून नामदेवांच्या भक्तीचे स्वरूप कळते. विठ्ठल त्यांना आईसारखा जवळचा होता. ते त्याच्याशी बोलत, भांडत, रुसत.

पुढे राजाई नावाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. नारा, विठा, गोंदा आणि म्हादा हे चार मुलगे आणि लिंबाई ही मुलगी, असा त्यांचा परिवार होता. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दामाशेटींच्या घरी कामाला आली आणि त्या घरचीच झाली. दळण, कांडण, झाडलोट करता करता तिने अभंग रचले. नामदेवांच्या घरातील इतर माणसांच्या नावावरही अभंग आढळतात.

तथापि या घरात सुखच सुख होते असे नाही. नामदेवांचे चित्त दुकानात आणि शिवणकामात रमत नसे. ते दिवस दिवस मंदिरात जाऊन बसत. घरात धान्य नसे, अंगावर धड वस्त्र नसे. मुलगा हाताशी येईल आणि म्हातारपणी आधार देईल, ही गोणाईची आशा होती. ती विठ्ठलालाच दोष देई आणि आपला मुलगा परत मागे. राजाईलाही चार मुलांच्या पोटाची काळजी होती. या दोघींची गाऱ्हाणी सांगणारे अभंग नामदेवांच्या गाथेत जपले गेले आहेत. ज्या घरात माणसाच्या भक्तीची कीर्ती गायिली गेली, त्याच घरात त्या भक्तीची झळ सोसणाऱ्या स्त्रियांचे दुःखही लपवले गेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

कच्चे मडके

तरुण वयातच नामदेवांचा लौकिक पसरला. देव त्यांच्याशी बोलतो, असे लोक मानू लागले. या लौकिकाबरोबर त्यांच्या मनात सूक्ष्म असा अभिमानही शिरला. त्या अभिमानाला धक्का देणारा प्रसंग परंपरेने फार मार्मिकपणे सांगितला आहे.

तेर या गावी गोरा कुंभार राहत होते. वयाने ते सर्व संतांत वडील, म्हणून त्यांना गोरोबाकाका म्हणत. त्यांच्या घरी एकदा संतमंडळी जमली. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही चारही भावंडे तेथे होती, नामदेवही होते. कोपऱ्यात कुंभाराचे थापटणे पडलेले होते. हे कशाचे साधन, असे मुक्ताबाईने विचारले. मडके पक्के भाजले आहे की कच्चे राहिले आहे, हे याने ठोकून पाहतात, असे गोरोबाकाकांनी सांगितले. तेव्हा जमलेल्या माणसांतही कोण पक्के आणि कोण कच्चे हे पाहावे, असे मुक्ताबाईने सुचवले. गोरोबाकाका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. बाकीचे सर्व शांतपणे बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणे पडताच मात्र ते संतापले. हा पाहुण्याचा अपमान आहे, असे त्यांना वाटले. गोरोबाकाकांनी निकाल दिला, की एवढेच एक मडके कच्चे आहे.

सर्वजण हसले. नामदेव दुखावले आणि तडक पंढरपूरला परतले. आपल्या बाजूने देव तरी बोलेल, या आशेने त्यांनी विठ्ठलापुढे गाऱ्हाणे मांडले. विठ्ठलाने संतांचाच निकाल खरा ठरवला. नामदेवांपाशी प्रेम होते, परंतु गुरूपासून मिळणारे ज्ञान नव्हते. म्हणून त्यांनी विसोबा खेचर यांच्याकडे जावे, असे देवाने सांगितले, अशी ही कथा आहे.

विसोबांचा शोध घेत नामदेव औंढा नागनाथ येथील शिवमंदिरात पोहोचले. तेथे जे दृश्य दिसले, त्याने ते चकित झाले. एक वृद्ध गृहस्थ शिवलिंगावर पाय ठेवून खुशाल निजले होते. नामदेवांनी त्यांना पाय बाजूला घेण्यास सांगितले. वृद्धाने उत्तर दिले, की जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव जिकडे पाय ठेवू लागले, तिकडे त्यांना शिवलिंगच दिसू लागले. देव एका मूर्तीत किंवा एका मंदिरात सामावलेला नाही, तो सर्वत्र आहे, हा पहिला धडा त्यांना असा मिळाला. हे वृद्ध गृहस्थ म्हणजेच विसोबा खेचर. नामदेवांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले.

या कथेतील चमत्काराचा भाग सोडला, तरी तिचा गाभा खरा वाटतो. ज्याला लोक मोठा भक्त म्हणत होते, अशा माणसाने आपले उणेपण मान्य केले. कच्चे म्हणून हिणवल्यावर त्याला दोन वाटा मोकळ्या होत्या. हिणवणाऱ्यांचा राग धरून आपल्याच मोठेपणात बसून राहणे ही एक आणि पुन्हा आव्यात शिरून भाजून निघणे ही दुसरी. नामदेवांनी दुसरी वाट धरली. तिच्यामुळेच पंढरपूरच्या मंदिराबाहेरचे जग त्यांना दिसू लागले.

ज्ञानेश्वरांचा सहवास

यानंतर ज्ञानेश्वर आणि नामदेव यांनी मिळून तीर्थयात्रा केली. ज्ञानेश्वर वयाने नामदेवांहून लहान असूनही नामदेवांनी त्यांचा अधिकार मानला. ज्ञानेश्वरांनीही नामदेवांच्या भक्तीतील जिव्हाळ्याचे मोल ओळखले. एकाकडे ज्ञान आणि दुसऱ्याकडे प्रेम, अशा दोघांच्या या मैत्रीतून वारकरी पंथाला नवे बळ मिळाले.

या पंथात तेव्हा नाना जातींची माणसे एकत्र आली होती. सावता माळी मळा पिकवीत, नरहरी सोनार दागिने घडवीत, गोरा कुंभार माती तुडवीत, तर चोखामेळा गावाबाहेर राहून मेलेली गुरे ओढीत आणि वेठ करीत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चोखामेळ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांनी नामदेवांना गुरू मानले. अशा सर्वांना जोडणाऱ्या धाग्याचे काम नामदेवांनी केले.

१२९६ हे वर्ष महाराष्ट्राला विसरता येणार नाही. त्या वर्षी अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी करून अगणित संपत्ती नेली. यादवांच्या सत्तेचा पाया तेव्हापासून खचत गेला आणि १३१८ पर्यंत ती संपुष्टात आली. त्याच १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे समाधी घेतली. नामदेव तेथे उपस्थित होते. तो प्रसंग त्यांनी अभंगांतून वर्णिला आहे. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचे चरित्र त्यांनी आदी, तीर्थावळी आणि समाधी या तीन प्रकरणांत रचले. एका संतकवीने आपल्या सोबत्याचे पद्यमय चरित्र लिहावे, हे त्या काळी नवेच होते. मराठीतील आरंभीच्या चरित्रकारांत नामदेवांची गणना होते ती यामुळेच. ज्ञानेश्वरांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बराचसा भाग या अभंगांतून आला आहे.

पुढील थोड्याच काळात सोपानदेव, मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथ यांनीही जगाचा निरोप घेतला. सोबती गेले, राज्य डळमळले. अशा वेळी नामदेवांचे वय अवघे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते.

उत्तरेकडे प्रयाण

ज्ञानेश्वरांच्या पश्चात नामदेवांनी हातात वीणा घेतली आणि कीर्तन हेच आपले कार्य मानले. कीर्तनात गाणे असते, कथा असते आणि उपदेशही असतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते समजते. महाराष्ट्रातील वारकरी कीर्तनाच्या परंपरेत नामदेवांना आद्य कीर्तनकाराचे स्थान दिले जाते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. विंध्य आणि नर्मदा ओलांडून ते उत्तरेकडे गेले. राजस्थान, हरियाणा, पंजाब अशा अनेक ठिकाणी त्यांच्या आठवणी सांगितल्या जातात. त्या काळी ना पक्के रस्ते होते, ना सुरक्षित प्रवास. सैन्याच्या हालचाली चालू असत. १३२७ च्या सुमारास सुलतान मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली आणि असंख्य माणसांना सक्तीने दक्षिणेत आणले. सत्तेच्या बळावर माणसे दिल्लीहून देवगिरीला हाकली जात होती, त्या शतकात एक शिंपी आपण होऊन, वीणा घेऊन उलट दिशेने चालत गेला.

परक्या मुलखात गेल्यावर भाषेचा प्रश्न आलाच. आपली मराठी तेथे कोणाला कळणार नाही, हे नामदेवांनी ओळखले. त्यांनी तेथील लोकांची बोली शिकून तीत पदे रचली. या पदांत अधूनमधून मराठी शब्द आणि मराठी वळण डोकावते. घर आणि गाव सोडून दुसऱ्या प्रांतात पोट भरायला गेलेला माणूस नवी भाषा बोलताना आपल्या मातृभाषेचा सूर विसरत नाही, तसेच हे आहे. गज, कात्री, सुई आणि दोरा या शिंप्याच्या साधनांची रूपकेही त्या पदांत येतात. आपला व्यवसाय त्यांना कधी लाजिरवाणा वाटला नाही.

जातीमुळे झालेला अपमानही त्यांनी लपवला नाही. देवळात भजन करीत असता हीन जातीचा म्हणून त्यांना उठवून बाहेर काढण्यात आले, तेव्हा ते देवळाच्या मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले, असा प्रसंग त्यांच्या एका हिंदी पदात आला आहे. महाराष्ट्रात हीच कथा औंढा नागनाथाविषयी सांगतात.

पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. नामदेवांनी आयुष्यातील सुमारे अठरा-वीस वर्षे तेथे घालवली असे परंपरा मानते. पंढरपूरपासून हे गाव सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. तेथे त्यांचे स्मारक असून शीख बांधव त्यांना भगत नामदेव म्हणून ओळखतात. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. पुढे गुरुग्रंथसाहिब म्हणून पूजनीय झालेल्या या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. कबीर आणि रविदास हे उत्तर भारतातील थोर संत नामदेवांच्या नंतरचे. त्यांनीही आपल्या पदांत नामदेवांचे नाव आदराने घेतले आहे.

चोखोबांचे ऋण आणि पायरीची जागा

नामदेवांच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग त्यांच्या थोरवीची साक्ष देतो. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली. तिच्याखाली जे मजूर गाडले गेले, त्यांत चोखामेळा होते. नामदेव स्वतः मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातील कोणत्या अस्थी चोखोबांच्या, हे कसे ओळखावे? ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला, त्या नामदेवांनी उचलल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या पंढरपूरला आणून त्यांनी मंदिराच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी मंदिराचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्याला मृत्यूनंतर देवाच्या दारी जागा मिळाली. चोखोबांना प्रत्यक्ष मंदिरात नेणे त्या काळी नामदेवांना साधले नाही, हेही तितकेच खरे आहे. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले होण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले.

नामदेवांनी १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पंढरपूर येथे समाधी घेतली, असे महाराष्ट्रातील परंपरा सांगते. पंजाबातील भाविक त्यांचा अंत घुमान येथे झाला असे मानतात. दोन प्रांतांनी एकाच माणसाला आपला म्हणावे, यातच त्याच्या कार्याचे यश आहे. विठ्ठलाच्या दर्शनाला येणाऱ्या संतांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी, अशी नामदेवांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी मंदिराच्या पायरीची जागा मागितली. पंढरपूरच्या महाद्वारातील ती पायरी आजही नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते. तिच्यावर पाय पडू नये म्हणून वारकरी तिला वंदन करून पुढे जातात.

समारोप

२०१५ च्या एप्रिल महिन्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले. महाराष्ट्रातून हजारो मराठी माणसे पंजाबातील त्या लहानशा गावी गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत हे संमेलन दिल्लीत झाले. दिल्लीत, नोएडात, गुरुग्राममध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आपली भाषा आणि भोवतालची भाषा या दोन्ही सांभाळाव्या लागतात. ती वाट नामदेवांनी सातशे वर्षांपूर्वी चालून दाखवली आहे.

नामदेवांपाशी राज्य नव्हते, संपत्ती नव्हती, संस्कृत विद्येचा अधिकारही नव्हता. त्यांच्यापाशी गोड गळा होता, माणसांविषयी जिव्हाळा होता आणि आपले मडके अजून कच्चे आहे हे मान्य करण्याचे धैर्य होते. गोरोबाकाकांचे थापटणे त्या दिवशी डोक्यावर बसले नसते, तर पंढरपूरचा हा भक्त कदाचित पंढरपुरातच राहिला असता.

स्वाध्याय

१. दान्ते आणि ज्ञानेश्वर यांच्या कार्यात कोणते साम्य आढळते?
२. गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चे मडके का ठरवले? त्यानंतर नामदेवांनी काय केले?
३. गोणाई आणि राजाई यांची बाजू तुमच्या शब्दांत मांडा.
४. उत्तरेत गेल्यावर नामदेवांनी भाषेचा प्रश्न कसा सोडवला?
५. मोठ्या वयात तुम्ही स्वतः एखादी गोष्ट नव्याने शिकला असाल, तर तो अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.